पैशाने फुटबॉल बिघडला, हे आधी कोण म्हणाले?

युरोपातल्या फुटबॉलविषयी बोलताना एक वाक्य हमखास येते: पैशाने खेळ बिघडवला. वाक्य खोटे नाही. पण असे वाक्य कानावर आले की ते पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघाले, हे तपासण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. फुटबॉलमध्ये पैसा नको, असा आग्रह सगळ्यात आधी ज्यांनी धरला, त्यांच्या घरी पैशाची ददात नव्हती.

1863 मध्ये लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. तिच्यावर वर्चस्व राहिले ते पब्लिक स्कूलमध्ये शिकलेल्या मंडळींचे. (नाव 'पब्लिक', शाळा मात्र श्रीमंतांच्या!) खेळ निव्वळ हौसेने खेळावा, मोबदला घेणे हलकेपणाचे, ही त्यांची नीती. आता 1879 चा एफए कपचा एक सामना पाहा. एका बाजूला ओल्ड ईटोनियन्स, म्हणजे ईटनचे माजी विद्यार्थी. दुसऱ्या बाजूला लँकशायरमधल्या डार्वेन या कापड गिरण्यांच्या गावाचा संघ. सामना लंडनमध्ये. डार्वेन मोठ्या पिछाडीवर पडले आणि तिथून त्यांनी 5-5 अशी बरोबरी साधली. जादा वेळ खेळू, असे ते म्हणाले. ईटनवाल्यांनी नकार दिला. मग सामना पुन्हा, आणि पुन्हा लंडनमध्येच. तोही 2-2 असा बरोबरीत सुटला. तिसऱ्या खेपेला डार्वेन 6-2 ने हरले.

तीन वेळा लंडन म्हणजे काय, याचा हिशेब गिरणी कामगारालाच कळतो. रेल्वेचे भाडे, आणि प्रत्येक फेरीला कामाचा खाडा. प्रवासखर्चासाठी गावाने वर्गणी काढली. चाहत्यांचे वेड म्हणतात ते हेच. कोणत्याही जाहिरात कंपनीने ते पेरलेले नव्हते. बुडालेला रोज भरून मागणारा खेळाडू 'पैशासाठी खेळणारा' ठरत होता. ज्याचा रोज कधी बुडतच नाही, तो मात्र शुद्ध हौशी! हौसेला मोल नसते हे खरे. पण हौस करायला जो मोकळा वेळ लागतो त्याला मोल असते, आणि ते कोणी चुकवायचे हा साधा आर्थिक प्रश्न नीतीच्या भाषेत झाकून टाकला गेला.

1883 च्या अंतिम सामन्यात ब्लॅकबर्न ऑलिम्पिकने याच ओल्ड ईटोनियन्सना 2-1 असे हरवले. विणकर, सूत कातणारे, प्लंबर अशा माणसांचा हा संघ होता. एका लोखंड कारखानदाराच्या पैशावर सामन्याआधी त्यांनी ब्लॅकपूलला जाऊन सराव केला होता, आणि त्यावरही नाके मुरडली गेली. 1884 मध्ये प्रेस्टन नॉर्थ एंडला मोबदल्याच्या प्रकरणावरून कपमधून बाहेर काढले. उत्तरेकडचे क्लब वेगळी संघटना काढायला निघाले, तेव्हा कुठे 1885 मध्ये असोसिएशनने मोबदला घेऊन खेळणे मान्य केले.

मान्यतेबरोबर एक अटही आली. व्यावसायिक खेळाडूला कोणत्याही समितीवर बसता येणार नव्हते. घाम मैदानावर गाळा, बैठकीत पाऊल ठेवू नका. पुढे जेम्स फॉरेस्ट हा व्यावसायिक खेळाडू इंग्लंडकडून स्कॉटलंडविरुद्ध उतरला, तेव्हा इतरांहून वेगळ्या रंगाचा सदरा त्याच्या अंगावर चढवण्यात आला. वेगळी खूण बाळगायला लावण्याचा अर्थ या लेखाच्या वाचकाला मी समजावून सांगत नाही.

पुढच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत पैसा आला, पण त्याला बांध घातला गेला तो खेळाडूच्या बाजूने. 1901 मध्ये कमाल मजुरी ठरली: आठवड्याला 4 पौंड. 1948-49 च्या हंगामात लीगच्या सामन्यांना 4 कोटींहून जास्त प्रेक्षक आले, आणि मोठ्यातल्या मोठ्या खेळाडूच्याही हातात आठवड्याला फार तर 12 पौंड पडत होते. तिकिटाचे पैसे गेले कुठे? करार संपला तरी क्लब खेळाडूला अडकवून ठेवू शकत होता. संपाच्या इशाऱ्यानंतर 1961 मध्ये कमाल मजुरी उठली. जॉर्ज ईस्टहॅमने न्यूकॅसलविरुद्ध दावा लावला आणि 1963 मध्ये ती अडवणूक कोर्टात टिकली नाही. उरलेली बेडी बेल्जियमच्या झाँ-मार्क बॉसमनने 1995 मध्ये युरोपीय न्यायालयात तोडली. आज खेळाडूंच्या कोट्यवधींच्या पगाराकडे बोट दाखवणाऱ्यांनी हा इतिहास सोयीस्करपणे विसरू नये.

क्लबांचे मालक मात्र उलट्या दिशेने निघाले होते. यजमान क्लबने तिकीटविक्रीतला वाटा पाहुण्या संघाला द्यायचा, ही लीगची जुनी रीत 1983 मध्ये मोडीत निघाली. त्याच वर्षी टॉटनहॅमचे समभाग शेअर बाजारात आले. 1992 मध्ये वरच्या 22 क्लबांनी टीव्हीचा पैसा आपल्याकडेच ठेवण्यासाठी प्रीमियर लीग वेगळी काढली. 18 एप्रिल 2021 ला तर इंग्लंड, स्पेन आणि इटलीच्या 12 क्लबांनी सुपर लीग जाहीर केली. संस्थापक क्लब कितीही हरले तरी त्यांची जागा पक्की! स्पर्धेच्या नावाखाली स्पर्धाच रद्द करायची, आणि जागा राखून ठेवायची ती आधीच श्रीमंत असलेल्यांसाठी. चेल्सीचे चाहते स्टॅम्फर्ड ब्रिजबाहेर रस्त्यावर उतरले, आणि दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लबांनी अंग काढून घेतले.

बायर्न आणि डॉर्टमुंड या जर्मन क्लबांनी आधीच नकार दिला होता. तो सज्जनपणा होता असे मी म्हणणार नाही. जर्मनीत बहुमताचे मतदान क्लबच्या सभासदांकडे असावे, असा नियम आहे. त्याला लेव्हरकुसेन, वोल्फ्सबुर्ग असे अपवाद आहेत, आणि लाइपझिगने मूठभर मतदार सभासद ठेवून तो कसा वाकवला तेही जगाने पाहिले. तरीही मताची ताकद वेगळीच असते.

इंग्लंडमध्ये 2025 साली फुटबॉल कारभाराचा कायदा झाला आणि स्वतंत्र नियामक आला. अशा फुटीर स्पर्धेत जायला क्लबांना तो मनाई करू शकतो. कायद्यानुसार क्लबांनी महत्त्वाच्या विषयांवर चाहत्यांशी सल्लामसलत करायची आहे. संचालक मंडळात मत देण्याचा हक्क चाहत्यांना त्यात मिळालेला नाही.