सरळ रेषेला लागणारा परवाना

हेलसिंकी ते टोकियो हे अंतर पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणून मोजले, तर सुमारे ७,८०० किलोमीटर भरते. आजच्या जेट विमानाला ते साडेनऊ तासांत सहज कापता येते. पण ही दोरी बहुतेक वाटभर रशियावरून जाते, आणि गेल्या सत्तर वर्षांत युरोप-जपान प्रवासाला किती वेळ लागला, हे या दोरीपेक्षा मॉस्कोच्या मर्जीने जास्त ठरवले. सोव्हिएत आकाश बंद होते तेव्हा युरोपातले विमान मध्यपूर्व, भारतीय उपखंड आणि आग्नेय आशियात थांबे घेत पन्नासेक तासांनी टोकियोला टेकत असे. १९५७ साली स्कँडिनेव्हियन कंपनी एसएएसने कोपनहेगनहून उत्तर ध्रुवाच्या बाजूने, अलास्कातल्या अँकरेजमार्गे टोकियो गाठायला सुरुवात केली आणि हा प्रवास बत्तीसेक तासांवर आला. ध्रुवाजवळ चुंबकीय होकायंत्र कुचकामी ठरते. तिथे दिशा राखण्यासाठी खास जायरोस्कोप लागले. अँकरेजला तर या वळशाने बरकतच आणली: तिथल्या विमानतळावरचा पेंढा भरलेले पांढरे अस्वल आणि उदोन नूडल्सचे दुकान एका अख्ख्या जपानी पिढीच्या लक्षात राहिले.

यावर कोणी म्हणेल, की प्रवासाचा वेळ शेवटी यंत्रच ठरवते. राजकारण ही वरवरची अडचण. १९५७ पुरते हे खरे आहे. एसएएसच्या पंख्याच्या डीसी-७सी विमानाला सायबेरिया मोकळा मिळाला असता, तरी वाटेत इंधनासाठी उतरावेच लागले असते. पण १९८३ चे काय? त्या वर्षी फिनलंडच्या फिनएअर कंपनीने मालकक्षात जादा टाक्या बसवलेले डीसी-१० हेलसिंकीहून ध्रुवावरून आणि बेरिंगच्या सामुद्रधुनीतून टोकियोला न थांबता नेले. लागले सुमारे तेरा तास. एवढा लांबचा पल्ला मारणाऱ्या विमानाला सरळ वाट अवघड नव्हती. ती मोकळी नव्हती, इतकेच. त्याच वर्षी १ सप्टेंबरला वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियन प्रवासी विमान सखालिनजवळ पाडले गेले. विमानातले २६९ जण ठार झाले. शीतयुद्ध ओसरल्यावर आकाश खुले झाले, तेही फुकट नव्हे. रशियाने घसघशीत शुल्क घेतले. फिनएअरने या जवळच्या वाटेवर आपला आशियाचा सारा धंदा उभारला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर युरोपने रशियन विमानांना आकाश बंद केले, रशियानेही तेच केले, आणि फिनएअरचा टोकियोचा प्रवास पुन्हा तेरा तासांवर गेला. विमान आता एअरबस ए३५० होते, डीसी-१० पेक्षा चार दशकांनी नवे. इतक्या प्रगतीनंतरही घड्याळ १९८३ लाच येऊन थांबले, तेव्हा यंत्राचा मुद्दा टिकत नाही.

हा एका कंपनीचा अपवाद म्हणून सोडून देता येईल, तर आपल्याकडचा दाखला पाहा. बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर २०१९ मध्ये पाकिस्तानने आकाश बंद ठेवले, त्या महिन्यांत इंडिगोच्या दिल्ली-इस्तंबूल विमानाला इंधनासाठी दोह्यात उतरावे लागले. दोन शहरांमधले अंतर किलोमीटरमध्ये सांगणाऱ्या तक्त्यावर म्हणून फार विसंबू नये; मधल्या देशांचे आपसात कसे चालले आहे, ते आधी पाहावे.