खानदेशातील रोशेल तेल : ऋतुमान, गंध आणि गॅझेटिअरची नोंद

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकात खानदेशातून मुंबईमार्गे परदेशी जाणाऱ्या मालात रोशा गवतापासून काढलेल्या सुगंधी तेलाचा समावेश होता. तांबड्या समुद्रातील बंदरांवरून ते तुर्कस्तानात पोहोचे व तेथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. जिरॅनिऑल हा सुगंधी घटक दोहोंतही असल्याने ही भेसळ सहज खपून जात असे. पाश्चात्त्य बाजारपेठेत या तेलास ‘तुर्की जिरॅनियम तेल’ असे फसवे नाव मिळाले, ते याच व्यापारामुळे.

गॅझेटिअरची नोंद

इ. स. १८८० च्या खानदेश गॅझेटिअरनुसार हे गवत पश्चिम खानदेशात, विशेषतः अक्राणीच्या मोकळ्या डोंगरउतारांवर होई. पावसाळा सरताना पिंपळनेरचे मुसलमान कारागीर ओढ्याकाठी भट्ट्या लावत. कढईत चिरलेले गवत व पाणी घालून झाकण कणकेने लिंपले जाई. वाफ बांबूच्या नळीतून वाहत्या पाण्यात बुडविलेल्या दुसऱ्या भांड्यात जाऊन थंड होई. तयार तेल कोंडाईबारी घाटाने सुरतेस, तसेच धुळे-मनमाडमार्गे मुंबईस रवाना होत असे.

या नोंदीत ऋतुमानाविषयी एक स्पष्ट विधान आढळते. निळसर-पांढऱ्या फुलोऱ्यातील कोवळे गवत म्हणजे ‘मोतिया’ व तेच पिकून तांबूस झाले की ‘सोफिया’. पहिल्याचे तेल अधिक नाजूक गंधाचे, दुसऱ्याचे हलके, म्हणून दोन्ही एकत्र करून विकले जाई. म्हणजेच गंधातील भेदाचे कारण गवताचे वय मानले गेले.

नोंदीची चिकित्सा

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून झालेल्या वनस्पतिशास्त्रीय अभ्यासाने हे मत टिकू दिले नाही. मोतिया व सोफिया या एकाच गवताच्या दोन अवस्था नसून दोन स्वतंत्र वाण आहेत. मोतिया निचऱ्याच्या मोकळ्या उतारांवर विखुरलेला, तर सोफिया ओलसर सखल भागात दाट वाढतो. मोतियाच्या तेलात सर्वसाधारणपणे तीन चतुर्थांशांहून अधिक जिरॅनिऑल असते. सोफियाच्या तेलात ते बरेच कमी असून इतर घटकांचे प्राबल्य असते.

तथापि ऋतूचा परिणाम खोटा ठरत नाही. मोतियाच्या कोवळ्या फुलोऱ्यात जिरॅनिल ॲसिटेट अधिक असते. फुलोरा पक्व होताना त्याचे जिरॅनिऑलमध्ये रूपांतर होते. म्हणजे पक्वतेबरोबर जिरॅनिऑल घटत नाही, वाढते. गंधाचा नाजूकपणा केवळ एका घटकावर अवलंबून नसतो हे मान्य केले, तरी केवळ पिकण्याने मोतियाचा सोफिया होतो, हे रसायनशास्त्रास मान्य होणारे नाही.

निष्कर्ष

गॅझेटिअरने ऋतूचा प्रभाव नोंदविला, परंतु वाणांतील भेदही त्याच ऋतूच्या खात्यावर मांडला. गवत कापणाऱ्यांच्या व भट्टी लावणाऱ्यांच्या बोलीत मात्र दोन गवतांना दोन नावे होती. नावे टिपली गेली, त्यांमागील भेद निसटला. स्थानिक उद्योगांचा इतिहास लिहिताना वासाहतिक दप्तरातील वर्णन आणि त्याचे स्पष्टीकरण या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. पहिल्यासाठी गॅझेटिअर मोलाचे आहे. दुसऱ्याची शहानिशा प्रयोगशाळेत व प्रत्यक्ष डोंगरउतारावरच होऊ शकते.