ज्वालामुखी काच आणि नवाश्मयुगीन देवघेव

लेखनकलेच्या पूर्वीच्या व्यापाराचा मागोवा घेताना इतिहाससंशोधकास केवळ वस्तूंच्या साक्षीवर विसंबावे लागते. अशा वस्तूंत ज्वालामुखी काचेचे, म्हणजेच ऑब्सिडियनचे, स्थान विशेष आहे. सिलिकायुक्त लाव्हा झपाट्याने थिजून ही काच बनते. तिच्या अतिशय धारदार पाती निघतात. आणि बेरियम, झिर्कोनियम इत्यादी मूलद्रव्यांचे तिच्यातील अल्प प्रमाण उगमस्थानागणिक बहुधा भिन्न असते. या भेदावरून काचेचे उगमस्थान ओळखण्याची पद्धती कॅन आणि रेन्फ्रू यांनी 1964 मध्ये मांडली. पुढे डिक्सन यांच्यासह त्यांनी ती पश्चिम आशियास लावली.

या अभ्यासातून एक लक्षणीय गोष्ट निष्पन्न झाली. उगमापासून सुमारे 300 किलोमीटरपर्यंतच्या वस्त्यांत दगडी हत्यारांपैकी 80 टक्के वा त्याहून अधिक हत्यारे या काचेची असतात; त्यापलीकडे हे प्रमाण वेगाने घटत जाते. मध्य अनातोलियातील काच दूरच्या जेरिकोपर्यंत पोचली खरी, परंतु अत्यल्प प्रमाणात. यावरून माल गावोगाव, हातोहात पुढे सरकत असावा, असे रेन्फ्रू यांनी अनुमान केले.

तथापि उगम सिद्ध झाला म्हणजे व्यापाराचे स्वरूप सिद्ध झाले, असे होत नाही. हॉडर व ऑर्टन यांनी 1976 मध्ये दाखविले की, परस्परांहून सर्वस्वी भिन्न अशा व्यवहारांतूनही एकसारखीच घट संभवते. चाताल ह्युयुकचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. 1961 ते 1965 या काळात तेथे उत्खनन करणाऱ्या मेलार्ट यांनी या वस्तीच्या समृद्धीचा संबंध नजीकच्या हसन दागच्या काचेशी व तिच्या व्यापाराशी जोडला होता. परंतु पुढील रासायनिक परीक्षणांत तेथील काच मुख्यतः ग्योल्लू दाग व नेनेझी दाग येथील, म्हणजे सुमारे 190 किलोमीटरवरील, असल्याचे निष्पन्न झाले. शिवाय अर्धवट घडविलेले काचेचे तुकडे घराघरांतील जमिनीखाली, चुलीच्या आसपास पुरून ठेवलेले आढळले. हा पुरावा व्यापारी पेठेपेक्षा घरगुती साठ्याकडे अधिक निर्देश करतो.

सारांश, काच आपले जन्मस्थान निःसंदिग्धपणे सांगते. तिला वाहून नेणारा कोण आणि त्याने ती कोणत्या मोबदल्यात दिली, हे ती सांगत नाही. त्याचा निर्णय ती कोणत्या रूपात, किती आणि कोठे सापडली, यावरूनच करावा लागतो. नकाशावर दोन ठिकाणांमध्ये रेषा ओढण्यापूर्वी हा विवेक राखणे इष्ट होय.