चित्रवेळापत्रक

चित्रवेळापत्रक : स्वमग्न व्यक्तीला दिवसभरातल्या कामांचा क्रम डोळ्यांसमोर दिसावा म्हणून वापरायचा चित्रांचा तक्ता. पालक व विशेष शिक्षक त्याला ‘व्हिज्युअल शेड्यूल’ म्हणतात. सांगितलेले हवेत विरते. तक्ता भिंतीवर राहतो, हवा तेव्हा पाहता येतो. ‘आता पुढे काय?’ ही धास्ती त्यामुळे उतरते.

ही पद्धत रुळवण्यात अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या ‘टीच’ कार्यक्रमाचा वाटा मोठा. एरिक शॉप्लर यांच्या पुढाकाराने 1972 मध्ये तो राज्यभर सुरू झाला. मानसतज्ज्ञ ब्रूनो बेटेलहाइम स्वमग्नतेचे खापर आईबापांवर फोडत. शॉप्लर यांनी ते मत झुगारून पालकांनाच उपचारात भागीदार केले.

दात घासणे, आंघोळ, पोहे, रिक्षा, शाळा अशी चित्रे वरून खाली वेल्क्रोने चिकटवतात. काम उरकले की मूल चित्र काढून ‘झाले’च्या पाकिटात टाकते. छापील मगापेक्षा घरातल्या मगाचा फोटो अनेक मुलांना चटकन कळतो. फोटोही उमगत नसेल तर मगच हातात द्यावा. वाचणाऱ्याला शब्दांची यादी पुरते, मोठ्यांना फोनमधले कॅलेंडर. सुरुवातीला दोनच चौकोन ठेवतात : आधी औषध, मग झोका.

खरी कसोटी बदलाच्या दिवशी लागते. रिक्षावाले काका येणार नसतील, तर मुलाच्या देखत रिक्षा काढून तिथे बस लावायची. गणपतीत आरती आणि पाहुण्यांबरोबर ‘कानांवर हेडफोन’ आणि ‘आतली खोली’ हेही चौकोन हवेत. ढोल-ताशा सुरू झाल्यावर समजावण्यात अर्थ नसतो.

तक्ता म्हणजे हुकूमनामा नव्हे. नुसती कामेच भरली, तर मूल तो फाडणार, आणि त्यात त्याची चूक नाही. आवडीचे, स्वतः निवडलेले काही त्यात असावेच लागते. मूल बोलू लागले की तक्ता उतरवण्याचीही घाई होते. चष्म्याने नीट दिसते म्हणून चष्मा कोणी काढून ठेवत नाही.

तक्ता मुलाला सांगतो. मुलाचे म्हणणे मात्र त्यातून कळत नाही. त्यासाठी संवादाची साधने वेगळी. आयआयटी मुंबईत तयार झालेल्या ‘जेलो’ अ‍ॅपमध्ये चित्रावर बोट ठेवले की त्या अर्थाचे वाक्य मोठ्याने, मराठीतही, बोलले जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये मान्य केलेल्या 21 दिव्यांगत्वांत स्वमग्नता आहे आणि सरकारी वा अनुदानित शाळेने विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करणे त्यात अपेक्षित आहे. वर्गातला तक्ता ही तशीच एक सोय, आणि बहुधा सर्वांत स्वस्त.