घसा, गर्भाशयमुख आणि उस्मानाबादच्या बायका

घशाचा कॅन्सर आणि गर्भाशयमुखातले पेशीबदल यांचा काय संबंध? विषाणू एकच: एचपीव्ही, मुख्यतः १६ नंबरचा प्रकार. झुर हाउझेन यांच्या गटाने १९८३ मध्ये तो गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये दाखवला. २००० मध्ये स्वीडनच्या नोंदी तपासल्या, तर गर्भाशयमुखाचा आजार झालेल्या बायकांत टॉन्सिलचा कॅन्सर जास्त निघाला, त्यांच्या नवऱ्यांतही.

फरक असा, की गर्भाशयमुखातले बदल कॅन्सरच्या आधीच पकडता येतात. घशात तशी सोय नाही.

पकडल्याने जीव वाचतो का? याचं उत्तर आपल्या उस्मानाबाद जिल्ह्यातून (आताचा धाराशिव) आलं. २००९ चा तो पेपर काढून वाचाच. १,३१,७४६ बायका, ५२ गट. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. वेल्ह्यातल्या पासलीसारख्या गावातून बाईला पुन्हा पुन्हा दवाखाना गाठणं जमत नाही, म्हणून ‘एकदाच’ हा शब्द महत्त्वाचा.

पण तुलनेच्या गटातल्या ३१,४८८ बायकांना फक्त माहिती दिली होती, तपासणी नाही. त्यातल्या ६४ जणी याच कॅन्सरने गेल्या. यावर पुढे बराच वाद झाला.

सिनॉप्सिसमध्ये ‘कंट्रोल ग्रुप’ लिहाल, तेव्हा त्यात कोण बसणार आहे, हे आधी स्वतःला विचारा.