अंगमर्दनाचा व्यवसाय आणि चारित्र्याची हमी

परवाना म्हणजे राज्यसत्तेने व्यवसायावर बाहेरून ठेवलेला अंकुश, अशी सामान्य समजूत आहे. लंडनमधील अंगमर्दन-व्यवसायाचा इतिहास मात्र निराळे सांगतो. १८९४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने तेथील कित्येक मर्दनगृहांत वेश्याव्यवसाय चालत असल्याचा आरोप केला. या अपकीर्तीची झळ प्रामाणिकपणे काम करणाऱ्या परिचारिकांनाही लागणे अपरिहार्य होते. म्हणून ल्यूसी रॉबिन्सन, रोझालिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅन्ली आणि मार्गारेट पामर या चौघींनी त्याच वर्षी प्रशिक्षित मर्दनकर्त्या स्त्रियांची संस्था स्थापन केली.

संस्थेने परीक्षेच्या जोडीस कडक आचारनियम घातले. डॉक्टरांच्या आदेशावाचून मर्दन करू नये. वैद्यकीय पत्रांखेरीज अन्यत्र जाहिरात देऊ नये. रुग्णांस औषधे विकू नयेत. पुरुषांचे सर्वांगमर्दन सामान्यतः करू नये. या नियमांनी सभासद स्त्रियांस प्रतिष्ठा दिली. परंतु तिचे मोल म्हणून रुग्ण स्वतंत्रपणे स्वीकारण्याचा अधिकार त्यांना सोडावा लागला.

१९२० साली संस्थेस राजसनद मिळाली. लंडनमधील मर्दनगृहांस अधिनियमान्वये परवाना घेणे बंधनकारक ठरले. म्हणजे शासनाने जागेची तपासणी हाती घेतली, त्यापूर्वी कित्येक वर्षे व्यक्तीची पारख व्यवसायानेच केली होती. १९४४ साली संस्थेने ‘फिजिओथेरपी’ हे नाव धारण केले आणि ‘मर्दन’ हा शब्द तिच्या नावातून गेला. व्यवसायास मान्यता मिळाली, पण ती त्याच्या मूळ नावाने नव्हे, ही गोष्ट अभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगी आहे.