मोटारीचे नाक

पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला निघालेल्या दिंड्या नाशिकहून त्र्यंबकच्या रस्त्याला लागल्या, की सातपूर ओलांडून पुढे जातात. त्यांना खेटून धावणाऱ्या बोलेरो आणि स्कॉर्पिओ याच सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत तयार होतात. अशा गावात एक प्रश्न विचारावयास हवा : मोटार घडविणाऱ्यांनी पायी चालणाराचा विचार केव्हा केला?

पुष्कळ उशिरा, असेच म्हणावे लागते. विलायतेत १८६५ च्या कायद्याने यांत्रिक गाडीला गावातून ताशी दोन मैलांहून अधिक वेगाने जाता येत नसे. पुढे एक माणूस चालत ठेवावा लागे, आणि आरंभी त्याच्या हाती लाल निशाणही असे. १८९६ च्या नोव्हेंबरात ही बंधने सुटली. त्याच वर्षी ऑगस्टात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसपाशी ब्रिजेट ड्रिस्कॉल ही बाई मोटारीच्या धडकेने मेली. पंचांनी मृत्यू अपघाती ठरविला आणि लोक कामाला लागले.

नवल असे, की तिकडच्या ट्रामवाल्यांना उपाय ठाऊक होता. विजेच्या ट्रामखाली पुढे एक झडप टांगलेली असे. आडव्या पडलेल्या माणसाला ती लागली, की मागची फळी रस्त्यावर आपटे आणि चाक पोचण्यापूर्वीच त्याला उचलून घेई. मोटारवाल्यांनी एवढी अक्कल घेतली नाही. त्यांची सुरक्षितता आत बसणाराची. व्होल्वोच्या नील्स बोलिन यांनी १९५९ साली तीन टोकांचा पट्टा दिला, तोही बैठकीवरच्या माणसाला. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांनी लिहिले, की उभ्या मोटारीच्या शोभेच्या शेपटावर आपटून एक नऊ वर्षांची मुलगी दगावली. तेव्हा कोठे मोटारीच्या बाहेरच्या आकाराकडे लोकांचे लक्ष वळू लागले.

आपल्याकडे महिंद्रांनी १९४७ मध्ये विलीज जीप आणण्याचे काम हाती घेतले. जीप लष्करासाठी घडलेली. तिचे तोंड भिंतीसारखे उभे. खडकाळ रस्त्यावर ती गुणी ठरली हे खरेच, पण समोरच्या माणसाला त्या तोंडात कोठेही मऊ जागा नव्हती.

धडकेत प्रथम बंपर पायाला लागतो, मग माणूस बॉनेटवर कोसळतो आणि डोके आपटते. पत्रा दबतो, जीव घेते ते त्याखालचे इंजिन. म्हणून दोहोंमध्ये सात-आठ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावयाची, बिजागऱ्या मोडत्या करावयाच्या, बंपरच्या आत फेस भरावयाचा. २००८ साली ठरलेल्या जागतिक नियमात ३.५ किलोचे मुलाचे आणि ४.५ किलोचे प्रौढाचे कृत्रिम डोके ताशी ३५ किलोमीटर वेगाने बॉनेटवर सोडून पाहतात. त्याच धर्तीचे मानक भारतात ऑक्टोबर २०१८ पासून मोटारींच्या नव्या नमुन्यांना लागू झाले. ते हवेच होते. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी.

आता या मेहनतीचे पुढे काय होते ते पाहा. गाडी घरी येते, आणि मालक हौसेने पुढे लोखंडी गार्ड बसवून घेतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळविले, की असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या विरुद्ध आहेत. पण बसविणारे दुकान उघडेच असते. बॉनेटखालची ती सात-आठ सेंटिमीटरची जागा, तो फेस, सारे जागच्या जागी राहते. माणसाला मात्र पहिल्यांदा लागतो तो नळ, आणि लहान मुलाच्या बाबतीत तो नेमका छातीच्या उंचीवर येतो.